शेवटच्या गाडीमागची गर्दी

कोल्हापूरजवळच्या ट्रॅकवर शर्यत जिंकून शाल्मली खर्डेकर गाडीतून उतरली, तेव्हा सगळी गर्दी शेवटी आलेल्या गाडीकडे धावत होती. त्या गाडीत तिच्याच संघातला पुष्कर होता, मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे घराघरांत पोचलेला. त्याची गाडी दोनदा ट्रॅकबाहेर गेली होती, तरी पोरंपोरी त्याच्याच नावाने ओरडत होती.

संघाचे मालक इनामदार शाल्मलीजवळ आले. "छान चालवलीस. पण पुढच्या वर्षी आपली एकच गाडी उतरेल, आणि ती मी पुष्करला देतोय."

"तो शेवटचा आलाय, साहेब."

"पण त्याला बघायला पाच हजार माणसं आलीत. तुला बघायला कोण आलंय? हवं तर त्याला शिकवायला राहा."

शाल्मली हेल्मेट काखेत घेऊन चालू लागली. कुंपणापाशी कॉलेजातली एक मुलगी डोळे पुसत उभी होती. न राहवून शाल्मलीने तिला विचारलं, "हरला की तो. एवढं काय आहे त्याच्यात?"

"पहिल्या दिवशी त्याला क्लचसुद्धा जमत नव्हता, ताई. घाबरला, रडला, सगळं त्यानं आम्हाला दाखवलं. आपला भाऊच शिकतोय असं वाटायचं." मग तिने विचारलं, "तुम्ही कोण?"

बाई आहे, घाबरणारच, असं कुणी म्हणू नये म्हणून अकरा वर्षं शाल्मलीने आपली भीती आईलासुद्धा कळू दिली नव्हती.

"मी?" ती म्हणाली. "मी त्याला शिकवणार आहे."