अंबाडीचा दोर

जमशेदचाचांनी अंबाडीच्या सालीपासून काढलेल्या वाखाची मोळी शाळेच्या लिंबाखाली ठेवली आणि कोणी हात लावायच्या आधीच बजावलं, "यातून एकच दोर निंघन. बिघडला तं खेळ खतम."

"दुसरा वाख आणू ना चाचा," नवीन म्हणाला. वर्गात हुशार, म्हणून सगळ्यांत पुढे.

"कुठून आणशीन? ज्यानं बांधावर पेरली, थो गेला. दोन वर्षं झाले."

तो म्हणजे तांड्यावरचा धनसिंग. चाळीस वर्षं पोळ्याआधी दोघं मिळून दोर वळायचे; एका टोकाला चाचा, दुसऱ्या टोकाला धनसिंग आणि त्याची पोरं. शिरपूरच्या बाजारात त्यांचे दोर दुपारच्या आत संपत. धनसिंग गेला, पोरं ऊसतोडीला लागली. एकट्याच्या हातून दोर होत नाही, हे चाचांना कोणी सांगायची गरज नव्हती. कौसर मॅडमनी गटकार्यासाठी बोलावलं, तेव्हा मोळी माळ्यावरून काढताना त्यांचा जीव वर-खाली झाला होता.

त्यांनी वाखाचे तीन पदर पाडले, एका बाजूनं झाडाला बांधले आणि मोकळी टोकं नवीन आणि त्याच्या गटातल्या अरसलान, रेणूच्या हातात दिली. स्वतः तीन खाचांच्या लाकडात एकेक पदर बसवून ते मधे उभे राहिले.

"वळा."

नवीननं सुरुवात केली ती शर्यत लागल्यासारखी. त्याचा पदर पिळून पिळून आखडला, त्यात अढ्या पडल्या. रेणूचा अजून ढिलाच. हातभर दोर झाला आणि वाकडा झाला. चाचांनी लाकूड खाली ठेवलं.

"रेणूमुळं झालं!" नवीन म्हणाला. "लेय हळू करून राह्यली थे."

"मायं नाव कायले घेतं? तूच पयत होता!" रेणूचे डोळे भरून आले होते.

खाली बसून चाचांनी पीळ उलगडला. उलगडताना वाखाचे तंतू तुटत होते, आणि एकेक तंतू ते मांडीवर जपून ठेवत होते, जसा काही पुन्हा जोडता येणार होता.

"अजून एक डाव सोसन हे," ते शेवटी म्हणाले. "मंग नाही."

नवीननं त्या मांडीवरच्या तंतूंकडे पाहिलं. मग त्याची फुशारकी कुठल्या कुठे गेली.

"चाचा, धनसिंगबाबा जोरात वळत होते का?"

चाचा हसले. "त्याच्यासारखा दमदार हात साऱ्या मेडशी गावात नव्हता, बेटा. पण धाकटं पोरगं सोबत असलं की थो पोराच्या हाताकडं पाहून वळे."

पुन्हा पदर ताणले गेले. या वेळी नवीन आपल्या हाताकडे पाहतच नव्हता. रेणूचं मनगट फिरलं की त्याचं फिरे, मग अरसलानचं. थोड्या वेळानं तो हळूच आकडे म्हणू लागला, आणि मग तिघंही म्हणू लागली. चाचा लाकूड घेऊन मागे मागे सरकत होते. त्यांच्यापुढे दोर तयार होत होता. सरळ, गोल, एकसारखा. चाचांचे ओठही हलत होते, पण आकडे मुलांचे नव्हते. ती धनसिंगच्या बंजारा बोलीतली मोजणी होती.

शेवटची गाठ मारून चाचांनी दोर झाडावरून सोडवला. नवा दोर अंगाच्या भारानं ताणून बसवावा लागतो. एक टोक त्यांनी तिघांच्या हाती दिलं, दुसरं स्वतःच्या कमरेला गुंडाळलं आणि सत्तर वर्षांचं शरीर सरळ मागे झोकून दिलं.

मुलांच्या टाचा मातीत रुतल्या.

"चाचा, पडसान ना!" कौसर मॅडम धावल्या. "झालं आता, सोडा!"

चाचांनी डोळे मिटले होते.

"दोन वर्षांत पयल्यांदा तिकून कोणी ओढून राह्यलं, मॅडम," ते म्हणाले. "थोडं राहू द्या."