सुटलेला ठेका

पहिला फटका बसला तेव्हा ती दुसऱ्या कडव्यावर होती.

उघड्या कपाटात डोकं घालून ती गात होती. लटकवलेले कपडे आवाजाचा घुमारा पिऊन टाकतात, म्हणून. फळीवर फोन उभा केलेला आणि फोनच्या पलीकडे हजारो माणसं कान लावून बसलेली. रविवारी दुपारी ती अशीच घरातून थेट गायची. शब्द तिचे, चाल तिची, कुठल्या कंपनीची ती मिंधी नव्हती. तोंड दाखवायची नाही. नुसता आवाज.

नवऱ्याने मागून केस धरले आणि तिचं कपाळ कपाटाच्या दारावर आपटलं.

"एकटी दौऱ्यावर जाणार म्हणे. मला न विचारता हो म्हणालीस?"

"जाणार," ती म्हणाली.

पाठीत गुडघा बसला. ती खाली कोसळली, तिच्याबरोबर स्टूल आणि स्टुलावरची काचेची ताटं. काच तळव्यात घुसली. ती ओरडली, "वाचवा, हा मारतोय मला."

आता हजारो माणसं ऐकतायत म्हटल्यावर कुणीतरी धावून यायला हवं. पण तिथेच तर घोळ होता. तिची गाणी होतीच तसली. ठेक्याला ती ताटं फोडायची, दारं आपटायची, मध्येच किंकाळी टाकायची. घरात जे अंगावर पडायचं तेच ती गायची, आणि लोक म्हणायचे, पोरीचं डोकं भारी चालतं बुवा. त्याच गाण्यांवर नवरा मॅनेजर म्हणून गावभर मिरवायचा. ती "वाचवा" म्हणाली आणि फोनवर लाल बदामांचा नुसता सडा पडला.

नवऱ्याला तेव्हा कुठे फोन दिसला. आधी त्याचा चेहरा उतरला. मग त्याने फोनवर तळहात दाबला, बोटांच्या फटीतून वाचलं आणि हसायलाच लागला.

"ऐक. 'अंगावर काटा आला.' आणि हे बघ, 'नवऱ्याचं काम कोणी केलंय? एक नंबर.' बायको, मीपण हिट झालो की."

त्याने खणातून हातोडी काढली.

"गाणं पुरं कर. मध्येच थांबलीस तर लोक विचारत बसतील. ते संपलं की तुझी बोटं. मग जा दौऱ्यावर. बघतो स्टेजवर गिटार कशी वाजवतेस ती."

त्याने फोनवरचा हात काढला.

तिच्या तोंडात रक्त साचलं होतं. एक दात हलत होता. ओरडून उपयोग नव्हता, रडूनही नव्हता. तो सगळा माल तिने आधीच विकून टाकलेला. मग वेगळं काय करायचं? जे तिने जन्मात केलं नाही असं काय?

तिला ठोक्या आठवला. दोन गल्ल्या सोडून गॅरेजात गाड्यांचा पत्रा ठोकायचा, म्हणून ठोक्या. कित्येक वर्षं तिच्या मागे बसून ड्रम वाजवला त्याने. एकदा अर्ध्या मात्रेने मागे पडला तर तिने स्टूल फेकून त्याची भुवई फोडली होती. "तुझं गाणं पुन्हा कानावर पडू देणार नाही," म्हणून गेला तो गेलाच. तो कशाला ऐकत असेल? पण दुसरं होतं कोण?

तिने शेवटचं कडवं उचललं, अर्धी मात्रा आधीच. पुढची ओळ उशिरा टाकली. त्यापुढची पार भलतीकडे. पोटच्या पोराला चिमटा काढावा तसं तिला झालं. नवरा हातोडीने मांडीवर ताल देत मान डोलवत होता. त्याला ठोसा कळायचा, ठेका नाही. फोनवर कुणीतरी लिहिलं, नवीन स्टाइल दिसतेय.

तिने तेच कडवं पुन्हा घेतलं. पुन्हा घेतलं.

"संपतच नाही का गं हे?" म्हणत त्याने तिच्या मनगटावर पाय दिला. हातोडी खाली आली. करंगळी वाळक्या काटकीसारखी मोडली. ती किंचाळली आणि त्या किंचाळीतून तशीच पुढची ओळ गायली. वाकडी.

हातोडी परत वर गेली आणि खोलीच्या दाराची कडी उखडून आत पडली.

ऑइलने माखलेला ठोक्या आत घुसला. त्याने नवऱ्याची कॉलर धरली, तोंड कपाटाच्या कडेवर हाणलं, पुन्हा हाणलं, नाकाचं हाड गेल्याचा आवाज आला तरी हाणलं. शेजारच्या तिघांनी मिळून त्याला ओढलं तेव्हा कुठे थांबला. नवरा जमिनीवर गुरगुरत पडला होता. शेजारीण पोलिसांना फोन लावत होती.

ठोक्याने स्वतःचा शर्ट काढून तिच्या हाताला गुंडाळला.

"तू ऐकतोस?" तिने विचारलं.

"दर रविवारी."

"कळलं तुला?"

"ठेका सुटला ना. मेलीस तरी तू ठेका सोडणार नाहीस. म्हटलं, मरणाहून वाईट काहीतरी चाललंय."

"त्याच्या आधी ओरडत होते मी. केवढी ओरडले."

ठोक्या शर्टाची गाठ मारत राहिला. वर बघेना.

"तेव्हा मी गॅरेजातल्या पोरांना म्हणत होतो, गप्प बसा रे, ऐका, काय ओरडलीय."