उतरती नाडी

शर्यतीसाठी दादाचा सायकलचा सराव सुरू झाला, तेव्हापासून रोज तो अंथरुणातून उठण्याआधी मी त्याची नाडी पूर्ण एक मिनिट मोजायचे: जानेवारीत बासष्ट, मार्चमध्ये चोपन्न, मेमध्ये एकेचाळीस. सोबतचे सायकलवाले हेव्यानं म्हणायचे, “नाडी मंद, गडी दमदार!”

चढावर त्याला दोनदा चक्कर आली, तेव्हा वहिनी म्हणाली, “अहो, एकदा दाखवून या ना.”

“डॉक्टरांना काय सांगू? फार फिट झालोय म्हणून?”

मीही हसले. शर्यतीच्या सकाळी छत्तीस मोजून त्याच्या पाठीवर थाप मारली.

शर्यतीत तो कोसळला. दुपारी इस्पितळात डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी उलगडली. “ही नाडी व्यायामानं उतरलेली नव्हती. हृदय बिघडत चाललं होतं.”



पट्टीवरच्या शेवटच्या दोन ठोक्यांमध्ये नऊ सेकंदांचं अंतर होतं.