डावी सीट

“एकाच सीटसाठी ट्यून करू की दोन्हींसाठी?” काकांच्या गाडीतली म्युझिक सिस्टिम उघडत मी सवयीने विचारलं आणि जीभ चावली. परुळेकरकाकूंना जाऊन तीन महिनेही झाले नव्हते.

“एकाच,” काका म्हणाले.

तीन वर्षांपूर्वी ही सिस्टिम बसवताना मी त्यांना समजावून थकलो होतो. प्रत्येक स्पीकरचा आवाज ड्रायव्हरच्या कानाशी एकाच क्षणी पोहोचवला, तर गायिका समोर उभी राहून गातेय असं वाटतं. दोघांचं बघायला गेलं की दोघांनाही अर्धंमुर्धंच. “अर्धं तर अर्धं,” ते म्हणाले होते, “दोघांना सारखं मिळू दे.”

आज मी ड्रायव्हरचं डोकं येतं तिथे माईक लावला, एकेका स्पीकरचा आवाज मोजला. लॅपटॉपवर क्रॉसओव्हर लावून खर्ज खालच्या स्पीकरला आणि वरचे सूर वरच्याला वाटून दिले. जुनी सेटिंग पुसून टाकली. इतकं स्वच्छ काम मी आजवर केलं नव्हतं. काकांनी डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं.

“सगळं माझ्याकडेच येतंय रे,” ते म्हणाले. “पहिल्यासारखं कर.”

पहिलं काही उरलंच नव्हतं. पुन्हा मोजणं आलं. सीटवर बसलेल्या माणसाच्या अंगानेही आवाज बदलतो, म्हणून डावीकडे मीच बसलो. सीट इतकी पुढे होती, की माझे गुडघे डॅशबोर्डला टेकले. काकू ठेंगण्या होत्या. सीट मागे घ्यायला मी खाली हात घातला.

“ती हलवू नकोस,” काका म्हणाले.

मी पाय आखडून घेतले आणि पुन्हा पहिल्या स्पीकरपासून मोजायला घेतलं.