सूर्यास्ताचा रकाना

लाईन तुटली की वहीत वेळ लिहून ठेवा, असं सांगून गेलेला टेलिफोनचा लाईनमन प्रसेनजीत आज ती वही पुढ्यात घेऊन बसला होता. खांबापासून सॉकेटपर्यंत सगळी वायर त्यानं बदलली होती, तरी संध्याकाळ झाली की इंटरनेट तुटायचंच.

"आज सापडलं न्हाय तर कनेक्शनच काढून न्या," बापूसोंनी सकाळी बजावलं होतं. कनेक्शन गेलं की त्यांच्या मुलीचं कामही जाणार. प्रियदर्शनी हातकणंगल्यात घरी बसून शिरोलीच्या फौंड्रीची ड्रॉइंगं करायची आणि फोनच्या लाईनवरून इंटरनेट जोडून पाठवायची.

महिन्यापूर्वी लाईन बरोबर सहाला तुटली होती. मग पाच पंचावन्नला. काल पाच चाळीसला.

"बिघाड असा रोज मागं सरकत न्हाय ओ," प्रसेनजीत पुटपुटला. वार बघायला त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं मान वळवली आणि सूर्यास्ताच्या रकान्यावरच अडकला. काल सहा पाच. महिन्यापूर्वी सहा पंचवीस. दर वेळी पंचवीस मिनिटांचं अंतर! उंदरांनी कुरतडलेल्या वायरी त्यानं पाहिल्या होत्या, माकडांनी तोडलेल्याही. सूर्यानं लाईन तोडल्याचं मात्र नोकरीत पहिल्यांदाच बघत होता.

पाच एकोणचाळीसला स्वयंपाकघरात खट्ट झालं आणि इकडं मॉडेमचा दिवा विझला. प्रसेनजीत आत धावला.

याच लाईनचा दुसरा फोन तिथं होता; तो उचलला की नेट तुटणारच. प्रियदर्शनीची आई, अक्काताई, रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरून उभ्या होत्या. "पयल्यांदा रोज असंच किंचाळतंय बघा. दुसऱ्यांदा लागतंय."

"कुणाला लावताय?"

"चिरागला. आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत न्हाईत. पुण्यात त्याला आठवण करणारं कोण हाय?" फोन लागला. "जेवलास? व्हय? शाणा माझा लेक." आणि त्या हसऱ्या चेहऱ्यानं पानं घ्यायला वळल्या.

दाराबाहेर येऊन प्रसेनजीतनं पक्कड काढली. "आतल्या फोनची वायर तोडतो. काम फत्ते."

"नको," मागोमाग आलेली प्रियदर्शनी हळू आवाजात म्हणाली. "दादा रात्री दहाला जेवतोय, मला मेलमध्ये लिहितोय. पण तिचं तेवढं राहू दे. पाच एकोणचाळीसला मीच नेट बंद करत जाईन."

प्रसेनजीतनं तिच्याकडं पाहिलं आणि पक्कड पिशवीत टाकली. जाता जाता तो कॅलेंडरपाशी थांबला.

"उद्या पाच अडतीस, ताई."