वाकळीचं पोट

"नातवाच्या वाकळीचं तोंड शिवायच्या आधी आत भाकरीचा तुकडा घाल की गं," शेजारची हौसाक्का म्हणाली. "वाकळीचं पोट उपाशी ठेवू नये."

"नाही घालायची." केराबाईने दोरा करकचून ओढला. सून सातव्याच महिन्यात बाळंत झाली, बाळ दवाखान्यात काचेच्या पेटीत गेलं; तेव्हापासून केराबाईने देवापुढे दिवा लावला नव्हता. "देवाचं काही सांगू नकोस मला."

"देवाचं कुठं सांगितलं? वाकळीचं सांगितलं!"

केराबाईला हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले.

ती उठली. टोपल्यातली भाकरी मोडून कडेचा तुकडा तिने वाकळीत सरकवला.

मग परत काढला.

मधला मऊ तुकडा घातला. बाळाला अजून दात कुठे होते?