हात दिसू द्या

"हात हलवू नका," संगणकातला आवाज म्हणाला. "ही दुसरी ताकीद. तिसरीला पेपर बंद होतो, माहीत आहे ना?"

तिने दोन्ही तळवे टेबलावर पालथे टेकवले. "माहीत आहे, मॅडम."

निरीक्षक बाई कुठल्या गावात बसल्या होत्या कोण जाणे. त्यांना ती दिसत होती, तिला त्या दिसत नव्हत्या. पेपर सुरू होण्याआधी त्यांनी कॅमेरा फिरवायला लावून चारी भिंती, टेबलाखालची जागा, तिचे कान, अगदी बाह्यासुद्धा बघून घेतल्या होत्या.

पडद्यावर संख्याशास्त्राचा प्रश्न होता. हा शेवटचा विषय. याचे क्रेडिट पदरात पडले की पदवी पुरी, आणि पदवी हातात आली की इस्पितळाच्या धुलाई विभागात इस्त्रीच्या यंत्रापुढून उठून पर्यवेक्षकाच्या खुर्चीत. घरबसल्या, परवडेल अशा फीत मिळणारे क्रेडिट. फी कमी का, तर पेपर एकदा बंद झाला की पुन्हा बसता येत नाही.

प्रश्न तिने पुन्हा वाचला. कालच हा धडा तिने अप्पांना समजावला होता. अप्पांना जन्मापासून ऐकू येत नाही. प्रत्येक धडा ती त्यांना हातांनी सांगायची, ते शंका काढून तिला भंडावून सोडायचे, आणि त्यांचं समाधान झालं की आपल्याला धडा आला असं ती समजायची. आता तळवे टेबलाला चिकटले होते आणि डोकं कोरं झालं होतं. सरासरीपासून आकडे कसे पसरतात? मूठ, मग मुठीतून हळूहळू सुटणारी बोटं, मग...

अंगठा आपसूक उचलला गेला.

"अहो." आवाज आता अगदी सावकाश आला. "कोणाला खुणा करताय?"

"कोणालाच नाही. आठवतेय."

"हातांनी?"

"अभ्यासच तसा केलाय मी. माझ्या वडिलांना ऐकू येत नाही. आमच्या घरात बोलणं हातांनीच चालतं."



"म्हणजे घरात वडील आहेत. तुम्ही तर एकटी आहे म्हणालात."

"खोलीत एकटी आहे म्हणाले. ते स्वयंपाकघरात आहेत."

"त्यांना संख्याशास्त्र येतं?"

नाही म्हणून मोकळं व्हावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं.

"मला येतं तेवढं येतं," ती म्हणाली. "मीच शिकवलंय."

पडद्याच्या कोपऱ्यात वेळ सरत होता. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. तेवढ्यासाठी ओठ हलवायचीही तिला भीती वाटली.

"पेपर बंद करायचं बटण माझ्या हाताशी आहे," निरीक्षक बाई म्हणाल्या. "खरं तर आत्ताच दाबायला हवं. बोलवा त्यांना. तुमच्या मागे, मला दिसतील असे बसवा. तोंड भिंतीकडे. ते वळले की पेपर बंद. ते तसे बसले, की मग हलवा हात हवे तेवढे."

"त्यांना सांगायला हात उचलावे लागतील."

"उचला. थोडक्यात सांगा."

तिने टाच जोरात जमिनीवर आपटली. हादरा पायाला जाणवला तसे अप्पा ओल्या हातांनी दारात आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, संगणकाकडे पाहिलं आणि हसत हात हलवले.

"काय म्हणाले?"

"विचारतायत, त्यांनीही परीक्षेला बसायचंय का."

"त्यांना म्हणावं, आधी फी भरा."

ती हसली नाही. तिने स्टूल दाखवलं, भिंत दाखवली, मान वळवायची नाही असं सांगितलं. अप्पांनी हातानेच विचारलं, का? एरवी तिने सगळं सविस्तर सांगितलं असतं. आत्ता नुसती मान हलवली आणि डोळ्यांनी कॅमेऱ्याकडे खूण केली. अप्पांनी त्या काळ्या ठिपक्याकडे निरखून पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी स्टूल ओढलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

तिने हात उचलले.

मूठ आली. बोटं सुटली. पहिलं उत्तर लिहून झालं, दुसरं झालं. एका प्रश्नावर हात हवेतच थांबले. अशा वेळी अप्पा भुवया उडवून पुढे काय म्हणून विचारायचे, आणि त्या विचारण्यानेच पुढचं सुचायचं. पडद्यावर तिचंच चित्र दाखवणाऱ्या टिकलीएवढ्या चौकटीत तिच्या खांद्यामागे चौकड्यांच्या सदऱ्याची पाठ तेवढी दिसत होती. ती हलली नाही. तिने स्वतःच भुवया उडवल्या, स्वतःलाच विचारलं, आणि अडखळत का होईना, पुढे गेली.

वेळ संपला.

"पेपर जमा झालाय," निरीक्षक बाई म्हणाल्या. "चित्रीकरण परीक्षा मंडळाकडे जाईल. त्यांनी होकार दिला तरच निकाल लागेल. मी जे दिसलं ते लिहिलंय."

"काय लिहिलंत, मॅडम?"

खिडकी बंद झाली. कॅमेऱ्याशेजारचा हिरवा दिवा विझला.

ती वळली. पेपर संपल्याचं न कळल्याने अप्पा तसेच बसून होते. मघाच्या चौकटीत सदऱ्याच्या चौकड्यांत काही कळलं नव्हतं, ते आता दिसलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले होते आणि बोटांत बोटं अडकवून इतकी घट्ट आवळली होती की नखं पांढरी पडली होती.

तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. अप्पा वळले नाहीत. भिंतीकडे बघतच त्यांनी नको, नको अशी मान हलवली आणि बोटं आणखी आवळली.

ती त्यांच्या पाठीशी जमिनीवर बसली आणि एकेक बोट सोडवू लागली.